मागची बाजू

सोमवार, ४ मार्च
लागली एकदाची नोकरी! आईने पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, चला, तुझी बडबड ऐकायला आता यंत्र तरी मिळालं. काम मजेचं आहे. फिरत्या तबकडीवर वस्तू ठेवायची. कॅमेरा तिला फक्त समोरून बघतो आणि यंत्र मागच्या बाजूचा अंदाज बांधतं. मग मी तबकडी फिरवून खातरजमा करायची आणि 'बरोबर' किंवा 'चूक' दाबायचं. असं शिकत शिकत त्याला कुठलीही वस्तू कुठूनही ओळखता आली पाहिजे. आज त्याने पडद्यावर किटलीला मागूनही तोटी लावली. मी पोट धरून हसले. साहेब हसले नाहीत. फिरवल्याशिवाय 'बरोबर' दाबायचं नाही, असं बजावून उलट पावली बाहेर गेले, तोंड माझ्याकडेच. काय एकेक नमुने असतात!

बुधवार, ६ मार्च
दोनशे वस्तू. हात भरून आले. शेवटच्या चाळीस न फिरवताच 'बरोबर' ठोकल्या. मग तबकडी पुसायला वाकले, तर पडद्यावर मीच. 'माणूस. मागची बाजू : रिकामी.' हसू आलं. त्याच तंद्रीत पुन्हा 'बरोबर' दाबलं.

गुरुवार, ७ मार्च
त्या चाळीस वस्तू कपाटातून काढल्या. बुटाला टाच नाही. बाहुली मागून पोकळ. तोडल्याची खूण नाही, मुळात तशाच घडवल्यासारख्या. साहेबांना जाब विचारला. "मीही एकदाच आळस केला होता," एवढंच म्हणाले. मग सावकाश वळले. मागून कॉलरपासून खाली काही नाही. शर्ट नाही, पाठ नाही. आतून पोकळ, साच्यासारखे —

शुक्रवार, ८ मार्च
खुर्चीला टेकता येत नाही. आई सवयीने पाठीवरून हात फिरवायला आली. हात मध्येच थांबला.
"अगं, तुझी पाठ कुठे आहे?"
दोघी रडलो. मग मला संताप आला. मी केवढी आहे ते यंत्र ठरवणार? मी माझी पाठ कधी पाहिलेली नाही. आईने पाहिली आहे. तिने सांगितलं, मी लिहून घेतलं. डाव्या खांद्याखाली तीळ. कमरेवर झोपाळ्यावरून पडल्याचा वण.

शनिवार, ९ मार्च
तबकडीवर उभी आहे. 'चूक' दाबलं. पडद्यावर तेच, रिकामी. पुन्हा 'चूक'. साहेब दारातून हात जोडतायत, उतरा, उरलंय तेही जाईल म्हणतायत — नाही उतरत. आईने सांगितलेलं सगळं यंत्रात टाइप केलंय. तीळ. वण. आजवर आईशिवाय कुणाला पाठ दाखवली नाही. आज दाखवणार. फिरतेय — खांदा गार पडलाय — 'चूक' — बघ डोळे फाडून. आईने थोपटलेली, माझी, ही माझी —