कपाटाचे बूट

प्रिय टिचकी,

या हातांनी आजवर काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं कोण बोलतंय हे तुझ्या ध्यानात राहील. दुकानातलं बाक, चौदा लाकडी साचे, तू सात वर्षांची असताना तुझ्या आईच्या फाटक्या पर्सच्या कातड्यातून कापून काढलेले तुझे पहिले बॉक्सिंगचे बूट, आणि त्यानंतर तुझ्याच पायांसाठी दहा जोड. शिकवायला कुणी नव्हतं. कारखान्यातला एक बूट तीनदा उसवला, तीनदा शिवला. चौथ्यांदा माझा मूळच्यापेक्षा सरस निघाला. याला शेखी म्हण, खोटं म्हणू नकोस. बारावा जोड या खोक्यात आहे. उजवा दोन ग्रॅम जास्त भरत होता, म्हणून बुटाच्या जिभेचं कातडं आतून तासलं. आता दोन्ही दोनशे अठ्ठेचाळीस. रोज तासभर घाल, लढतीपर्यंत मऊ होतील. पत्र उजव्या बुटात कोंबलंय, कारण तुझा फोन हल्ली तुझा मॅनेजरच उचलतो आणि "ती सरावात आहे, मामा" म्हणून ठेवून देतो.

पुढच्या रविवारच्या लढतीबद्दल इथे ज्याला त्याला अक्कल फुटली आहे. शेजारचा शिंपी म्हणतो, ट्रकपुढे स्कूटर आली तर काय होतं हे सांगायला पंच कशाला हवा? मी म्हटलं, स्कूटर ट्रकपुढे जाईलच कशाला, तिला गल्ल्या नाहीत? तरीही मी कागद घेऊन आकडे मांडले. खुला गट, सहा फेऱ्या. तुझ्यासमोरची कपाट (त्या पोरीला नाव मात्र तुम्ही पोरींनी चपखल ठेवलंय) तुझ्यापेक्षा नऊ किलोंनी जड, चार इंचांनी उंच, हात तीन इंच लांब. तिचा एक ठोसा नीट बसला की तुझे सहा वाया. यात गोड बोलण्यासारखं काही नाही. पण ते नऊ किलो तिला पावलागणिक उचलून न्यावे लागतात, आणि पावलं किती टाकायला लावायची हे तुझ्या हातात आहे. चौथ्या फेरीत त्या नवाचे तिला पंधरा वाटतील. अट एकच. ठोसा मारला की तू क्षणभर थांबतेस, कसा बसला ते बघतेस. ही खोड माझी. मीही टाका घातला की मान तिरकी करून बघत बसतो. माझा बूट उलटून मारत नाही, कपाट मारेल. तू मारायचं आणि तिथून निघायचं. कौतुक करायला मी आहे.

आता बातमी. तीन आठवड्यांपूर्वी कपाट आपल्या दुकानात आली होती. तिच्या मापाचा बूट बाजारात मिळत नाही, कुणीतरी माझं नाव सांगितलं. स्टुलावर बसली तर स्टूल दिसेना. मी तुझा मामा हे तिला ठाऊक होतं, तरी बिनधास्त पाय पुढे केले. म्हणाली, "काका, तुमच्या भाचीचा हात मला दिसतच नाही हो, लागल्यावर कळतो." मला पोरगी आवडली, राग मानू नकोस. जुने बूट ठेवून गेली. झिजलेला सोल मला वर्तमानपत्रासारखा वाचता येतो: भार कुठल्या पायावर, वळताना कुठली टाच अडते, दमल्यावर पाऊल कसं पडतं. सगळं वाचलं. तुला त्यातलं अक्षरही सांगणार नाही. जिनं विश्वासानं पाय माझ्या हातात दिला, तिची चाल मी विकत नाही आणि भाचीला फुकटही देत नाही. वर लिहिलंय ते वजनकाट्यावर आणि टेपावर कुणालाही दिसेल. तिचे बूट परवा दिले. दुहेरी टाके, मेण लावलेला दोरा, तुझ्या बुटांना आहे तोच. ती घसरेल या भरवशावर रिंगमध्ये उतरू नकोस. तिला पळवूनच दमवावं लागेल, आणि ते तुला जमतं.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंच. गेल्या मंगळवारी भर दुपारी त्याच स्टुलावर तुझा मॅनेजर येऊन बसला. उठून दार लोटून घेतलं. तुला यातलं काही माहीत नाही म्हणाला. ते मला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. त्याची मागणी अशी: कपाटाचा उजवा सोल पुढून नुसता चिकटवायचा, टाके वरवरचे घालायचे, म्हणजे तिसऱ्या फेरीत सुटेल. मी दार उघडलं आणि त्याला दंडाला धरून बाहेर नेऊन सोडलं. तुझ्या कोपऱ्यात पाणी घेऊन कोण उभं राहणार ते तू ठरव. मी शनिवारी पहिल्या गाडीनं येतोय, बादली मलाही उचलता येते. तुझ्या वेगावर त्याचा भरवसा किती कमी आहे हे तुला आकड्यात कळावं, म्हणून मी नाकारलेली रक्कमही लिहितो: एका सोलचे तीन लाख, रोख.

तुझाच,
मामा