झोपेत बाप्तिस्मा लागत नाही

तीर्थरूप आत्या,

भाच्याचा सादर सलाम. गुडघे कसे आहेत? कानांचं विचारत नाही, कारण मी बायकोच्या कानात बोललेलं तुम्हांला पलीकडच्या खोलीत ऐकू जातं. प्रभुकृपेने आम्ही ठीक आहोत, आणि मी तर आज हवेतच आहे, तेव्हा हे पत्र बसून वाचा.

माझ्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरायला तुम्ही साफ नकार दिलात. कारण काय, तर बाप्तिस्मा माझ्या सासरच्या, म्हणजे रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये, आणि आपलं घराणं पिढ्यान्‌पिढ्या अलीकडचं. आपल्यातल्या कुणी तो उंबरठा ओलांडलेला नाही, असं तुम्ही भरल्या घरात सुनावलंत आणि माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. ते मला फार लागलं. आई-वडील गेल्यापासून आमच्या बाजूचं हक्काचं माणूस म्हणजे तुम्हीच.

म्हणून काल मी पलीकडच्या चर्चच्या कारकुनाला गाठलं. (गृहस्थ बारमाही शिंकतो, त्यामुळे काम सावकाश चालतं.) त्याने जुन्या नोंदी दाखवल्या आणि मी उडालोच. पणजीच्या अमदानीतलं आपल्या घरचं प्रत्येक पोर पलीकडे नोंदलेलं, आणि त्याच दिवशी अलीकडेही. माझ्या मनात नाही नाही ते आलं. पणजोबा दोन्हीकडे गोड राहणारे होते की काय? (दोन्ही चर्चचे बाक त्यांच्याच हातचे, हे विसरू नका.) कारकून म्हणाला, लोक भीतीपोटी दोन्हीकडे पाय ठेवत असतील. मला पटेना. आपल्या घरात भिणारं कुणी नाही, भिववणारेच सगळे.

शेवटी तुमच्या काकूकडे गेलो. ती पायमोजे रफू करत होती. माझा प्रश्न ऐकून इतकी हसली, की कवळी काढून ठेवावी लागली. म्हणाली, पणजीचा नियमच होता: झोपेत बाप्तिस्मा लागत नाही. डोक्यावर पाणी पडलं की पोराने रडलंच पाहिजे, नाहीतर तो पोचलाच नाही. आणि आपली पोरं कसली रडतात? (माझे वडील स्वतःच्या लग्नाच्या उपदेशात घोरले होते.) पलीकडचा विधी भल्या सकाळी, त्यात कोमट पाणी. पोर ढिम्म. मग पणजी ते तसंच उचलून तरातरा रस्ता ओलांडायची. अलीकडचं पाणी विहिरीचं, गारठलेलं. पोर किंचाळलं की पणजी समाधानाने आमेन म्हणायची. धर्मबिर्म काही नाही आत्या, मूळचे आपण पलीकडचेच, थंड पाण्यामुळे अलीकडचे झालो.

आणि तुम्ही? तुम्ही पलीकडे इतक्या गाढ झोपला होता, की फादरांनी घाबरून तुमचा श्वास तपासला. काकूने डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे उंबरठा तुम्हीही ओलांडलात, दुपट्यातून का होईना. आता माझ्या बायकोपुढे काय बोलायचं ते ठरवून ठेवा.

तुमचा विजयी भाचा

ता. क. बाप्तिस्मा आज सकाळीच झाला. फादरांनी तीनदा पाणी घातलं. लेक झोपलेलीच होती.

आणखी एक. मला हसाल, पण सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. अलीकडच्या पाळकांशी तुम्हीच बोला, तुम्हांला नाही म्हणायची त्यांची छाती नाही. रविवारी पोरीला तुम्हीच हातात धरा.

शेवटचं. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही, हिंमत होत नाही. माफी मागायला याल तेव्हा हेही तुम्हीच तिच्या कानावर घाला. मी तेवढा वेळ बाहेर जाऊन येईन.