सायकलवरून उतरवल्याबद्दल

सोमवार, २८ ऑक्टोबर १९९१. पिनर.

सोमवार, १४ ऑक्टोबर १९९१, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. हा तो क्षण. जपानमधल्या त्या घाटाचा चढ निम्म्याहून जास्त संपला होता, मला धापही लागली नव्हती, आणि डेरेक नावाच्या गाइडने माझ्या हँडलवर हात ठेवला. म्हणाला, 'मिसेस सबनीस, आता तुम्ही व्हॅनमध्ये बसलेलं बरं.' सगळ्यांसमोर. सायकल टूरमधले ते दोघे डच नवरा-बायको माझ्याकडे बघून हसले. दयेने.

मी कारण विचारलं. 'तुमच्या भल्यासाठी.' माझं भलं एका तिशीच्या पोराला कळतं, मला नाही.

बाकीचा घाट सामानाच्या व्हॅनमध्ये, बॅगांमध्ये बसून. दुसऱ्या दिवसापासून सायकल दिलीच नाही. माझी बोर्डिंगपासूनची मैत्रीण सिप्पोरा बिचारी माझ्या सोबतीला म्हणून स्वतःची सायकल सोडून माझ्याशेजारी बसली. पांढरे हातमोजे घातलेल्या त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने आम्हाला संत्री सोलून दिली. मी खाल्ली नाहीत. सिप्पोरा काचेला डोकं टेकून झोपली ती थेट मुक्कामापर्यंत. खिडकीतून देवदारांचं जंगल, झाडांवर लालभडक पिकलेली फळं, आणि पुढे वळणावर त्या डच बाईची पाठ.

वीस वर्षं मी इथे विलायतेत कौन्सिलच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली. तक्रार कशी करतात हे मला कोणी शिकवायला नको.

बुधवार, ३० ऑक्टोबर

तक्रार पाठवली. रजिस्टर्ड. पैसे नकोत, असं ठळक लिहिलं. मला लेखी माफी हवी, त्या पोराच्या सहीची. चौदा दिवसांत.

रविवार, ३ नोव्हेंबर

हाउन्सलोला सिप्पोराकडे. तिने मलिदा केला होता, त्यांच्या ज्यू लोकांचा नवसाचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर केळ्याचे काप. म्हटलं, नवस कसला फेडतेस? म्हणाली, 'सुखरूप परत आलो म्हणून.'

सुखरूप! मी तिला माझ्या तक्रारीची नक्कल वाचून दाखवली. ती मध्येच उठून चहा टाकायला गेली. ताकासारखा पांढरा चेहरा. विमानतळ जवळच, विमानं तिच्या छपरावरून इतकी खाली जातात की दर वाक्याला थांबावं लागतं. म्हटलं, पुढच्या पत्रावर साक्षीदार म्हणून तुझी सही लागेल. म्हणाली, 'आज नको, माझा चष्मा सापडत नाहीये.' चष्मा तिच्या गळ्यात लटकत होता.

तिचं हे वागणं मला नवीन नाही. जपानला जायचं तिनेच काढलं. जाहिरात तिने कापून आणली, 'सुहास, डोंगर, सायकल, गरम पाण्याची कुंडं, आता नाही तर कधी' म्हणून माझ्या मागे लागली. आणि तिथे गेल्यावर? एकाही कुंडात पाऊल घातलं नाही. गरम पाणी, वर आभाळ, पाण्यावर वाफ. माझ्या हाडांना जन्मात इतकं बरं वाटलं नव्हतं. तिथे अंगावर चिंधी ठेवायची नाही हा नियम. पहिल्या दिवशी मलाही धरणी दुभंगावी असं झालं. आम्ही बोर्डिंगमधल्या मुली, नन्सनी आम्हाला आठ वर्षं लांब झगा घालून आंघोळ करायला लावली. झग्याच्या आत हात घालून साबण! पण दुसऱ्या दिवशी मी उतरले. ही मात्र काठावर कपड्यानिशी बसून माझा टॉवेल सांभाळायची. 'पाणी फार कढत आहे गं.' मी म्हटलं, मदर सुपीरियर मेली, सिप्पोरा, आता तरी झगा काढ. हसली.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

कंपनीचं पत्र आलं. त्यांच्या सरेच्या ऑफिसातल्या एका बाईने लिहिलेलं. 'आमच्या गाइडने आपल्या गुडघ्याच्या त्रासाचा विचार करून...'

गुडघा? कसला गुडघा?

शनिवार, ९ नोव्हेंबर

सकाळी सायकल काढून हॅरोच्या टेकडीवर गेले. न उतरता. वर चर्चपाशी एक म्हातारा कुत्रा फिरवत होता, म्हणाला, 'शाबास, डार्लिंग.' मी तुमची डार्लिंग नाही, म्हटलं. पण बरं वाटलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आमच्या जीपी डॉक्टरकडून सर्टिफिकेट घेतलं. दोन्ही गुडघे उत्तम. त्याने विचारलं, 'हे कशासाठी हवंय?' म्हटलं, अब्रूसाठी.

रविवार, १७ नोव्हेंबर

लिहायला हात उठत नाही, पण लिहिते. मराठीत लिहिते हे बरं. माझ्या मागे हे वाचणारं घरात कोणी नाही.

सर्टिफिकेट घेऊन सिप्पोराकडे गेले. दुसरी तक्रार तयार होती. पेन उघडून तिच्या पुढ्यात ठेवलं.

'सुहास, जाऊ दे ना आता.'

'काय जाऊ दे? तुझ्यासमोर झालं.'

'त्या पोराची नोकरी जाईल.'

'जावो.'

वरून विमान गेलं. ते पूर्ण जाईपर्यंत ती थांबली. मग पेनाचं टोपण लावलं.

'मीच सांगितलं त्याला. तुझा गुडघा गेलाय म्हणून. ती स्वतः कधी कबूल करणार नाही, म्हटलं, तूच उतरव.'

मला वाटलं ती थट्टा करतेय.

'का?'

'दमले होते गं.'

'तू दमली होतीस तर तू बसायचं होतंस व्हॅनमध्ये.'

'एकटी?'

एवढंच. जणू एवढ्यात सगळं आलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एक लिहिते. म्हटलं, तुझ्यात चढायची धमक नाही म्हणून माझे पाय कापलेस. ती टेबलावरचे कण बोटाने गोळा करत राहिली. कोट घालून निघाले तर दारापर्यंत आली, 'छत्री राहिली तुझी.' मी छत्री घेतली नाही. बसस्टॉपवर भिजले.

सोमवार, १८ नोव्हेंबर

तक्रार पाठवली नाही. कोणाविरुद्ध पाठवू?

रविवार, २४ नोव्हेंबर

फोन नाही. मीही करणार नाही.

रविवार, १ डिसेंबर

नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

फोन वाजला, धावत गेले. तो डेरेक. कंपनीने त्याला फोन करायला लावला असावा. माफी मागितली. कारण विचारलं. सिप्पोराचं नाव घेईना. म्हटलं, मला ठाऊक आहे कोणी सांगितलं ते. तेव्हा म्हणाला, 'त्या दुपारी जेवणानंतर तुमची मैत्रीण सायकलींच्या शेडमागे रडत होती. मला वाटलं तुमच्या काळजीने. इतकी रडत होती की मी दुसरं काही विचारलं नाही.'

सिप्पोरा रडत नाही. नवरा राफाएल गेला तेव्हाही सगळ्यांना चहा देत होती.

तिला फोन केला. वाजत राहिला. संध्याकाळी पुन्हा. वाजत राहिला. माझ्यावर रुसून उचलत नसेल.

रविवार, २२ डिसेंबर

तिच्या मुलाचा, अबीचा फोन. अब्राहम इथेच जन्मलेला, त्याचं मराठी तुटकं आहे, पण माझ्याशी हट्टाने मराठीच बोलतो. आज ते मराठी ऐकवेना.

'सुहासमावशी, आई हॉस्पिटलमध्ये आहे. तीन आठवडा झाला. ती तुम्हाला सांगायचा नाही म्हटला. पण मी आता सांगतो.'

एप्रिलमध्ये तिचा एक स्तन काढला. एप्रिलमध्ये! मला सांगितलं होतं, वल्हांडणाच्या सणाला बहिणीकडे इस्रायलला, लोडला चाललेय. परत आली तेव्हा मी तिला म्हटलंही, इस्रायलचं ऊन कसं लागलं नाही तुला, पांढरीफटक दिसतेस. म्हणाली, सावलीत बसून होते.

आता हाडांत उतरलंय. कमरेत, पाठीत. डॉक्टर म्हणतात, ऑक्टोबरमध्ये ही बाई सायकलवर बसली कशी, तेच समजत नाही.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ सर्टिफिकेटाकडे बघत बसले. दोन्ही गुडघे उत्तम.

मंगळवार, २४ डिसेंबर

वॉर्डात कागदाच्या घंटा टांगल्यात. ती पलंगात इतकी लहान दिसते की मी आधी पुढे निघून गेले.

'सुहास, इकडे. मी आहे अजून.'

मी बसले. काय बोलायचं ते रस्ताभर घोकून आले होते, तोंडून निघालं, 'छत्री न्यायला आलेय.'

'घरी आहे. अबीला सांगते.'

नर्स पाण्याचं भांडं घेऊन आली, तेवढ्यात तिला पलीकडून कोणीतरी हाक मारली. मी म्हटलं, ठेवा, मी पुसते अंग. सिप्पोराने चादर गळ्यापर्यंत ओढली.

'तू नको.'

'का? मदर सुपीरियर मेली.'

मग तिने चादरीवरचा हात सोडला. मी चादर खाली केली. डावी बाजू सपाट, आडवा लांब व्रण, बगलेपर्यंत. काठावर कपड्यानिशी बसून माझा टॉवेल सांभाळणारी ही बाई. मी फडकं पिळलं.

'कढत नाही ना?'

'नाही. बरं वाटतंय.'

पाठ पुसताना ती ओरडली नाही, पण माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

'तू मला जाऊ दिलं असतंस?'

'नाही.'

'मग. मला एकदा तुझ्याबरोबर चढायचं होतं. त्या दुपारी कळलं, आता नाही जमत. एक पॅडलही नाही.'

'तर तसं सांगायचं होतंस डेरेकला.'

'आणि एकटी बसायचं व्हॅनमध्ये? तुझी पाठ बघत?' मग म्हणाली, 'आपल्याला पार्टनरशिवाय इन्फर्मरीत पाठवत नसत.'

खरं होतं. बोर्डिंगमध्ये दर मुलीला एक पार्टनर. एक आजारी पडली की दुसरीने तिच्याबरोबर आजाऱ्यांच्या खोलीत जायचं आणि तिथेच बसायचं, सिस्टर ये म्हणेपर्यंत. माझी पार्टनर ती.

'पीटी चुकवायला तू सिप्पोराचं पोट दुखतंय म्हणून सांगायचीस,' ती म्हणाली. 'दर गुरुवारी. मी एकदा तुझा गुडघा वापरला.'

'एकदाच.'

'एकदाच. आता तक्रार करशील?'

मी तिला नवा गाउन घातला. गुंड्या लावायला फार वेळ लागला. 

शनिवार, १८ जानेवारी १९९२

तिला घरी आणलं. अबी दिवसा कामावर असतो, म्हणून मी सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळी परतते. विमान गेलं की ती डोळे मिटते. आज विचारलं, आवाजाचा त्रास होतो का? 'नाही गं. प्रत्येकातून कोणीतरी परत येतंय.'

जेवण दोन चमचे. उकडलेलं अंडं अर्धं.

मंगळवार, २८ जानेवारी

डॉक्टर घरी येऊन गेले. अबीला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, मी जिन्यात उभी होते. मार्च. फार तर मार्चअखेर. अबी म्हणाला, 'पासओव्हर?' म्हणजे वल्हांडण, एप्रिलच्या मध्यावर. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

वर गेले तर ती जागी. 'काय म्हणाले?' म्हटलं, गुडघा गेलाय तुझा. हसली, मग खोकला आला आणि बराच वेळ थांबेना.

शनिवार, १ फेब्रुवारी

कंपनीला कळवलं, तक्रार मागे घेते. गाइडकडून काहीही चूक झालेली नाही.

दुसरं पत्र आज मी स्वतः नेऊन तिच्या उशीशी ठेवलं. नक्कल इथे.

श्रीमती सिप्पोरा पेणकर यांस. ऑक्टोबर महिन्यात आपण मला घाटात सायकलवरून उतरवलंत. राहिलेला चढ मला आपल्याबरोबर चढायचा आहे. आपल्याला कोणता दिवस सोयीचा आहे ते कळवावं. उत्तर लेखी हवं, आपल्या स्वतःच्या हातचं, मुलाच्या हातचं चालणार नाही. मुदत शुक्रवार, १७ एप्रिल १९९२, वल्हांडणाची संध्याकाळ, दिवे लावायच्या आत. त्याआधीची कोणाचीही तारीख मला मंजूर नाही.