दारातूनच परत पाठव

प्रिय ठमाबाई,

एकाच छताखाली असताना बापानं लेकीला पत्र लिहावं, हे जरा अतिच झालं. पण या वृद्धाश्रमाची मोठी नर्स खोलीत आली की बापाला बोलू देते कुठे? आधी हात धुणार, हातमोजे चढवणार, माझ्या पाठीची जखम बघणार, हातमोजे टाकून पुन्हा हात धुणार. साबणानंही तुझ्यापुढे हात टेकले असतील.

उद्या तुझा दादा येणार, म्हणून सकाळीच दाढी करून घेतली. दोन वर्षांनी दिसेल पोरगा. शेजारच्या खाटेवरचे मास्तर म्हणाले, नवरदेव दिसताय.

तुझा पहिल्यांदा राग आला तो पेपरावरून. जन्मभर शिंपीकाम केलं, तोंडात ओला केल्याशिवाय दोरा सुईत गेला नाही. पानं उलटतानाही तीच सवय. हा पेपर पुढे सगळे वाचतात म्हणत तू चारचौघांत तो माझ्या हातून काढून घेतलास. मी फुगून बसलो. मग उलट्या-जुलाबांची साथ आली. एका दुपारी जीव घाबरा झाला म्हणून हाक मारली, तर तू दारातच थांबलीस. "बाबा, टोकाच्या खोलीतल्या आजींना पुसून आलेय. एप्रन बदलून हात धुते, मगच तुम्हाला हात लावते." पोटची पोर दारातून मागे वळली, फार लागलं गं मनाला. पण साथ त्या टोकाच्या खोल्यांतच थांबली. मास्तरांची प्रकृती आधीच तोळामासा, तरी आज ते मला पेपर वाचून दाखवतात. हल्ली कुणी नवीन आलं की मी आधी सांगतो, ती नर्स माझी मुलगी. स्वतःची ओळख नंतर.

आता मुद्द्याचं. दुपारी दादाचा फोन आला. कालपासून ताप आहे, खोकलाही. गोळी घेऊन येतो म्हणाला, ठमीला सांगू नका, ती आत सोडणार नाही. मी हो म्हणून बसलो. फोन ठेवला तेव्हा मास्तर पेपर छातीवर टाकून झोपले होते. त्यांच्याकडे बघत बसलो आणि हे लिहायला घेतलं. तोंडानं सांगितलं असतं तर माझा चेहरा बघून तू विरघळली असतीस. मला त्याला बघायचंय, फार बघायचंय. तरी त्याला दारातूनच परत पाठव. जाताना खिडकीखाली जरा उभा कर, मी काचेतून हात करीन. चिडला तर सांग, चुगली बाबांनी केली.

तुझ्या हाताखालचा, तुझाच
बाबा