आडवं पडून पाहिलेली गाडी

ती. आईस,
लेकीचा आणि जावयाचा नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत. भाड्याचं घर सोडतोय हे ऐकून तुझा जीव टांगणीला लागला असेल. पण ह्यांच्या कामाचं गाव सारखं बदलतं, म्हणून झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडीच घेतोय.

काल विक्रेत्याकडे गेलो. पहिली गाडी अगदी नवरीसारखी सजवलेली. तो शेगडी, नळ, दिवे दाखवत होता आणि हे नुसती मान डोलवत होते. मला तू आठवलीस. भाड्याचं घर बघायला गेलं की तू रिकाम्या खोलीत खुशाल आडवी व्हायचीस आणि आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं! मीही चपला काढल्या आणि गादीवर आडवी झाले. विक्रेता बघतच राहिला. उशाशी कुबट वास आला. भिंत दाबली तर बोट आत गेलं. छत गळत होतं आणि वरून नवा कागद चिकटवला होता. हे तर हो म्हणायच्या बेतात होते. तुझ्यामुळे वाचलो गं.

दुसरी गाडी जुनी, पण कोरडी ठणठणीत. तिच्यात हे आडवे झाले ते घोरायलाच लागले. तीच घेतली.

तुझे गुडघे कसे आहेत? दवाखान्यात एकटीच जातेस का? गाडीची पायरी उंच आहे, पण हे खाली ठेवायला पाट करणार आहेत.

खिडकीशी एक छोटा पलंग आहे. त्यावरही मी पडून पाहिलं. पाय नीट लांब होतात, आणि तुझी-माझी उंची सारखीच. तू येऊन त्यावर आडवी झालीस, की मग मी या गाडीला घर म्हणेन.

तुझी,
थोरली