एक्स-रेवर कापलेली अक्षरं

७ जून १९७८

नाही म्हणजे नाहीच म्हणाले सर! अख्ख्या टर्मचं काम — एकेक शीट उलटी टाकत गेले. "हे परदेशी पुस्तकातून उचललंय. हेही. रोमन अक्षराला शेंडी लावलीय फक्त." आणि मागच्या वर्षी मी आमच्या गावच्या बैलगाड्यांवरची अक्षरं काढून नेली, तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले होते — "गावठी." आता म्हणतात, "तुमच्या मातीतलं काहीतरी आणा." माती काय यांच्या सोयीने बदलते?

अटी अशा — देवनागरीची नवी वर्णमाला. कुणालाही वापरता आली पाहिजे, जवळजवळ फुकटात बनली पाहिजे, आणि रस्त्याच्या पलीकडून वाचता आली पाहिजे. ऑगस्टच्या मध्यापर्यंत. नाहीतर उपयोजित कलेचं शेवटचं वर्ष पुन्हा! आबांना हे सांगितलं तर ते सरळ तिफण हातात देतील. औरंगाबादहून गाडीत बसलो ते डोकं तापलेलंच. परभणी आली तरी निवलं नाही.

११ जून

भांडी! लग्नात दिलेल्या भांड्यांवर ठोकून घातलेली नावं — सगळी ठिपक्यांची. काय ठसठशीत अक्षर आहे! सकाळपासून घरोघर तांबे-पराती मागतोय, वर कागद ठेवून पेन्सिल घासतोय. आई म्हणते, "लोकाची भांडी कामून उलथीपालथी करायलास?"

१२ जून

मी भांडण लावलं म्हणे! बायनाकाकूच्या परातीवर कागद घासला, तर नाव उठलं शेजारच्या कडूबाईचं. आणि कडूबाई दारातच उभी. "माझी परात! लग्नात वापरायला दिलती, तवापसून हुडकायले मी!" काकू माझ्यावरच उलटली — "शिकायला गेलतास का चोऱ्या धरायला?" दिवसभर गल्ली दणाणत होती. मी 'क'ची गाठ बघत होतो, परात नव्हे! आता मी दिसलो की बाया भांडी आत नेतात.

१९ जून

ठिपके लांबून वाचता येत नाहीत. सोडले. बन्सीभाऊचं — माझा थोरला भाऊ — बोरीला आडतीचं दुकान आहे. तिथे पोत्यांवर पत्र्याच्या छाप्याने नाव उठवतात. कापलेल्या भोकातून रंग लावायचा, झालं. हेच पाहिजे! कुणालाही जमेल.

पुठ्ठा कापून पाहिला. रंगाने भिजून लोळला. जवसाचं तेल पाजलं — कडा फुगल्या. तेलाच्या डब्याचा पत्रा घेतला, तर अंगठा कापला. त्यात शिरोरेषेची कटकट! एका छाप्याशेजारी दुसरा ठेवला की रेषेवर रेष चढते आणि सगळी गिचमिड होते. 'व'च्या पोटातला तुकडा तर गळूनच पडतो. आबा येता-जाता बघतात आणि नाकातून हसतात.

२५ जून

रंगनाथ आला होता. शाळेत आम्ही एका बाकावर. आता परभणीला दवाखान्यात वॉर्डबॉय आहे, रविवारी घरी येतो. बौद्धवाड्यातला, म्हणून आई त्याला ओसरीच्या आत येऊ देत नाही. मी चिडतो, तो चिडत नाही — त्याचाच मला जास्त राग येतो.

पिशवीतून त्याने जुन्या एक्स-रेच्या फिल्मा काढल्या. टाकूनच देणार होते म्हणे. "जपून काप बरं. कुणाची तरी बरगडी हाय."

ब्लेड काय चालतं त्यावर! भिजत नाही, फाटत नाही, पुसलं की स्वच्छ. सरांना जे तीन वर्षांत सुचलं नाही ते यानं पिशवीतून आणून दिलं.

४ जुलै

जमलं!! शिरोरेषा जोडायचीच नाही. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आपली आपली रेघ, शेजारच्याला टेकण्याआधीच तुटलेली. 'व'च्या पोटाला दोन बारीक जोड. ब्रश वापरायचा नाही — रंग आत पसरतो. चिंधीची पुरचुंडी करायची आणि टिपत जायचं.

बन्सीभाऊला दाखवलं. "दात पडलेल्या म्हातारीवानी दिसायलंय." पोत्यांवर टाकून तर बघ म्हटलं. "गिऱ्हाईक हसंल." आबांनी वर न बघता "हूं" केलं. गावात कुणालाच नको आहेत! शाळेच्या फळ्यावर टाकून देतो म्हटलं, तर गुरुजींनाही नको. फुकट देतोय तरी नको! रागाने जेवलो नाही.

९ जुलै

रंगनाथ म्हणाला, "माझ्या मायचं नाव टाक आमच्या दारावर." उरलेल्या निळ्या ऑइलपेंटने टाकलं — केशरबाई. तिला वाचता येत नाही. पण ती पार रस्त्याच्या पलीकडे गेली, वळून बघितलं आणि ओरडली, "हितून बी दिसायलंय की रं!" माझी तिसरी अट तिथेच पास झाली. मला आज लय बरं वाटलं.

चहा घेतला. घरी येतो तर बातमी आधीच पोचलेली. आई — "तिथं चहा पिलास?" पिलो! दोन कप पिलो!

२८ जुलै

रेडिओवर सांगितलं — विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. पारावर ही गर्दी! ज्यांनी विद्यापीठाची पायरी पाहिली नाही तेच दातओठ खातायत, आणि आमचा बन्सीभाऊ सगळ्यात मोठ्याने. मी विचारलं, "तुमचं काय जायलंय?" आबा म्हणाले, "आत जा."

परभणीच्या गाड्या बंद. कुठे कुठे जाळपोळ झाली म्हणतात. रंगनाथ रजा घेऊन मायजवळ आलाय.

३० जुलै

बन्सीभाऊ स्वतः आला! "तुझे ते छापे दे की. अन् कसं टिपायचं ते दाव." महिनाभर दात काढले, आता पटली किंमत! मी जरा भाव खाल्ला. मग सगळं शिकवलं — पुरचुंडी केवढी करायची, रंग किती घट्ट, फिल्म अंगठ्याने कशी दाबायची. पोत्यांवर काय नाव टाकणार विचारलं, तर म्हणाला, "बघू."

बाजार बंद आहे, पण पोती तयार करून ठेवत असेल. सरांना सांगेन, माझी अक्षरं बाजारात चालतात!

१ ऑगस्ट

"गाव सोडा."

बौद्धवाड्याच्या पहिल्या भिंतीवर. पुढच्या भिंतीवर. प्रत्येक भिंतीवर. गेरूने. शिरोरेषा अक्षरागणिक तुटलेली. 'व'च्या पोटात माझेच दोन जोड. कुठे फराटा नाही, ओघळ नाही — मी शिकवलं तसंच टिपलेलं. रस्त्याच्या पलीकडून स्वच्छ वाचता येतं.

केशरबाईच्या दाराच्या एका बाजूला 'गाव', दुसऱ्या बाजूला 'सोडा'. मधे निळ्या रंगात तिचं नाव. रंगनाथ बोचकं बांधत होता. मी म्हणालो, मी नाही रे! तो म्हणाला, "अक्षर तर तुझंच हाय." आणि गाठ मारायला लागला. त्याने मला दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन बन्सीभाऊची गचांडी धरली. त्याला काडीची शरम नाही! "तूच रडायलतास ना, कुणी वापरंना म्हणून?" आबांनी मलाच ओढलं, त्याला नाही! म्हणे, "घरची गोष्ट घरात ऱ्हाऊ दे." एका परातीसाठी सगळी गल्ली डोक्यावर घेतलीत, आणि ही गोष्ट घरात?

३ ऑगस्ट

पोलीस आले. जमादाराने भिंतीसमोर सगळ्यांना उभं करून विचारलं, हे अक्षर कुणाचं? आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नाही! आपली परात नावावरून ओळखणाऱ्या कडूबाईलाही नाही!

मग केशरबाईला विचारलं. तिच्या दारावर तेच अक्षर, जमादाराचं बोट त्यावरच. मी समोर उभा. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, साहेब." रंगनाथही गप्प. दुपारी माय-लेक दाराला कुलूप लावून चुडाव्याला तिच्या भावाकडे निघून गेले.

मीही तोंड उघडलं नाही. आबा म्हणाले, "वाचलास."

वाचलो!

४ ऑगस्ट

बोरीला ठाण्यात चाललोय, पायीच. छापे सगळे पिशवीत घेतलेत. सरांना दाखवायला दुसरा संच नाही. बन्सीभाऊने माझ्या ट्रंकेत परत टाकताना ते धुतले नव्हते — ग, व, स, ड वर गेरू तसाच आहे. मीही धुतलेला नाही.