चावी बाबांच्या हातात होती

३ नोव्हेंबर २००४, बुधवार. देवास

दुकानाच्या फोनवर धारहून आईचा फोन. ती दुकानात कधी फोन करत नाही. घाबरून गरम सोल्डरवर बोट ठेवलं, भाजलं.

भैयासाहेबांची गाडी आज सकाळी परत चालू झाली नाही. बॅटरी पार उतरलेली. ही तिसरी वेळ. मी तारखा विचारून घेतल्या, कारण नंतर कोणाला आठवत नाही. पहिल्यांदा घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ ऑक्टोबर. दुसऱ्यांदा २७ ऑक्टोबर. आज तिसऱ्यांदा.

भैयासाहेबांनी बाबांना ओट्यावर बोलावलं. ओरडले नाहीत म्हणे. "सुभाष, तू दिवे विसरतोस, चावी विसरतोस. वय होतंय आता. दिवाळीनंतर दुसरा ड्रायव्हर बघतो."

एकवीस वर्षं बाबा त्यांची गाडी चालवतात. मी जन्मलो तेव्हापासून दुसरं काही पाहिलेलं नाही म्हटलं तरी चालेल.

मी आईला विचारलं, बाबा काय म्हणाले?

"म्हणाले, विसरलो असेन."

बाबा असं कधी बोलत नाहीत. रोज सकाळी रेडिएटरचं पाणी, चाकांची हवा, आरसे — न चुकता. त्यांनी मान्यच कसं केलं?

४ नोव्हेंबर, गुरुवार

उस्तादांना सांगितलं. मानाजी उस्ताद भोपाल चौराह्यावरच्या ह्या दुकानात तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतायत. आधी हसले. "दिवाळीच्या तोंडावर इलेक्ट्रिशियन सुट्टी मागतो! लग्नात भटजीच गायब." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "हे बघ भिया, आधी तार पकड, मग माणसाला. लोक उलटं करतात."

रविवारपासून तीन दिवस सुट्टी दिली. स्वतःचा चांगला मीटरही दिला. "मीटर परत नाही आणलास तर तूही येऊ नकोस."

५ नोव्हेंबर

झोप नीट नाही. काम चालू असताना एका गाडीचे हॉर्न आणि दिवे उलटे जोडले. असं माझ्याकडून पहिल्यांदा झालं.

७ नोव्हेंबर, रविवार. धार

इंदूरला बस बदलून दहाला पोचलो. भैयासाहेबांच्या आवारात कडुलिंबाखाली बाबा गाडी पुसत होते. "आला गाडीचा डॉक्टर," म्हणाले. वाळलेले वाटले.

गाडी पांढरी, इंदूरहून ह्याच उन्हाळ्यात जुनी घेतलेली. आधीची अ‍ॅम्बेसिडर विकली. ही नवी बोलते. दिवे चालू ठेवून किंवा चावी आत ठेवून दार उघडलं की टिंग-टिंग, टिंग-टिंग. बाबा म्हणाले, "अ‍ॅम्बेसिडर एकोणीस वर्षांत एक शब्द बोलली नाही. ही आल्यापासून टोमणे मारते."

मी म्हटलं, दाखवा. बाबांनी गाडी बंद केली. दिवे बंद — मी पुढून, मागून, परत पुढून तपासले. चावी काढली. हातात धरली. दार उघडलं.

टिंग-टिंग. टिंग-टिंग.

चावी बाबांच्या हातात होती! मी ती त्यांच्या हातातून घेऊन पाहिली, खरंच हीच का म्हणून. हीच.

"हे कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"मग सांगितलं का नाही?"

ते कापड पिळत राहिले. "मला वाटायचं, काहीतरी विसरलो असेन. उतरलो की खिसे चाचपायचो, दिवे बघायचो, परत आत बसून बघायचो. काही सापडायचं नाही. मग शोधणं सोडलं. आता तर ऐकूही येत नाही मला."

इतके दिवस गाडी त्यांना खोटं सांगत होती आणि ते स्वतःलाच दोष देत होते.

८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून काम. सगळं क्रमाने लिहून ठेवतो.

बॅटरीचं एक टर्मिनल सोडवलं आणि मधे मीटर लावला. दाराच्या कुलपात पेचकसाचं टोक घालून ते दाबून ठेवलं, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला बंद वाटेल. वीस मिनिटं थांबलो. बंद उभ्या गाडीने घड्याळापुरताच करंट घ्यावा, मीटरवर ०.०३ अँपिअरच्या आसपास. इथे १.१! दोन रात्रींत कोणतीही बॅटरी झोपेल.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. पहिला, काही नाही. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, काही नाही. सहावा काढला आणि आकडा धपकन ०.०३ वर आला. त्या फ्यूजवर तीन गोष्टी — टेप, आतला दिवा, आणि ती टिंग-टिंग.

फ्यूज परत लावला, टेप काढला. दिवा काढला. आकडा तोच, १.१.

बाबा दिवसभर शेजारी स्टुलावर बसून होते. तीनदा विचारलं, "सापडलं का?" तीनदा नाही म्हटलं. जेवायला उठायला तयार नव्हते. आई डबा तिथेच घेऊन आली आणि दोघांवर चिडली. "गाडीला खायला घालताय का आता?"

९ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं.

चावीच्या कुलपात आत एक छोटी पिन असते. चावी घातली की ती दबते, आणि गाडीला कळतं, चावी आत आहे. आज ते कुलूप खोलून काढलं. पिन दबलेलीच होती. चावी नसताना! म्हणून गाडी झोपतच नव्हती, रात्रभर जागी राहून बॅटरी खात होती. चिमट्याने पिनेमागून दोन दाणे काढले. तळहातावर घेतले.

तांदूळ. कुंकवाने लाल.

दसऱ्याच्या अक्षता! आणि त्या मी लावल्या होत्या. बाबा दरवर्षी स्टिअरिंगला आणि बॉनेटला लावतात, बस. ह्या वर्षी दसऱ्याला घरी आलो होतो, मीच शहाणपणा केला. आमच्या दुकानात खंडेनवमीला उस्ताद चावीच्या भोकाला पहिलं कुंकू लावतात, कारण गाडी तिथून जागी होते. मी म्हटलं आपणही तसंच करू. ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता अंगठ्याने दाबून बसवल्या. थोड्या वेळाने बाबा ताम्हण घेऊन आले आणि त्यांनीही तिथेच परत लावल्या. आई म्हणाली, "अहो, झाली ना पूजा?" ते म्हणाले, "शकुनाला दोनदा चालतं."

माझ्या अंगठ्याने बाबांची नोकरी जात होती. दुसऱ्याची गाडी असती तर मी ह्या मूर्खाला काय काय बोललो असतो.

बाबांना सांगितलं. वाटलं चिडतील. ते इतके हसले की ठसका लागला. मग चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसत बसले. "म्हणजे मी विसरत नव्हतो," म्हणाले.

तसाच भैयासाहेबांकडे गेलो. दोन दाणे कागदावर ठेवले. चूक माझी आहे, असं स्पष्ट सांगितलं. त्यांनी बोटाने एक दाणा उलटा करून पाहिला.

"मी सुभाषला काय काय बोललो रे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण बाळ, नक्की ना? त्या गाडीत माझी नात बसते."

मी म्हटलं, "नक्की. बाबा काही विसरत नाहीत."

भैयासाहेब स्वतः चपला घालून कडुलिंबापर्यंत चालत गेले. "सुभाष, भाऊबीजेला प्रेमला येतेय, किमयाला घेऊन. रविवारी सगळ्यांना मांडूला न्यायचं. तूच न्यायचं." प्रेमला म्हणजे त्यांची मुलगी, किमया नात. बाबा उभे राहिले, पण त्यांना हात कुठे ठेवावे कळेना.

१० नोव्हेंबर, बुधवार. देवास

उस्तादांचा मीटर परत. दाणेही दाखवले. उस्ताद आधी हसले, मग दुकानातल्या सगळ्या चाव्यांच्या भोकांत टॉर्च मारून बघितलं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार. धार. दिवाळी

घरी आलो. सगळ्यात आधी मीटर लावला (उस्तादांकडून परत मागून आणला). ०.०३. गाडी चौथ्या दिवशीही पहिल्या चावीला चालू.

बाबा येईल त्याला तांदळाची गोष्ट सांगतात. दूधवाल्याला, पोस्टमनला. दूधवाल्याला दोनदा सांगितली, तो बिचारा दोनदा हसला. आई खूष आहे. मीही.

१३ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी बाबा उद्यासाठी पेट्रोल भरून आले. कडुलिंबाखाली गाडी लावली, उतरले, दार उघडंच ठेवून घराकडे चालू लागले.

टिंग-टिंग. टिंग-टिंग.

एखादा दाणा राहिला असणार. चिमटा घेऊन धावलो.

चावी कुलपातच होती. दिवे चालू होते.

"बाबा, चावी?"

त्यांनी खिसा चाचपला. "भैयासाहेबांना दिली ना मघाशी. का रे, वाजतंय का? तुझा तांदूळ परत अडकला असेल." आणि हसले.

मागची पानं उलटली. पहिल्यांदा बॅटरी उतरली ती १५ ऑक्टोबरला. अक्षता लावल्या दसऱ्याला, २२ ला. ती १५ तारीख मीच लिहून ठेवलीय, माझ्याच अक्षरात.

उद्या सकाळी सात वाजता मांडू, काकडा खोहच्या दरीकाठच्या वळणावरून. किमया पुढच्या सीटवर बसणार म्हणते.

चावी माझ्या खिशात आहे. बाबांनी अजून मागितलेली नाही.